दोन मीटर वायर

वायरवाला भरमा म्हणतात मला,
अनगोळ नाक्यापासून खासबागपर्यंत.
बावीस वर्षं लोकांच्या भिंती फोडल्या.
टिळकवाडीत एका डॉक्टरांच्या हॉलमध्ये
पाच स्पीकर आणि एका ढोल्या डब्यासाठी
अशी वायर नेली छताआडून
की त्यांच्या बायकोला शेवटपर्यंत कळलं नाही
आवाज येतो कुठून.

परवा त्यांनीच बोलावलं. भोकं बुजवायला.
नवा साउंडबार आलाय, लांबट, काळा,
मागचे दोन स्पीकर नुसते ठेवायचे कोपऱ्यात,
खोली केवढी आहे ते त्यांचं त्यांना कळतं.
मी पुट्टी भरली.
एका भोकात मुंग्यांनी घर केलं होतं,
तेवढं सोडलं.

मग वडगावातून फोन.
विरुपाक्ष कामकर, एकतीस वर्षं पॉवरलूमवर.
माग भंगारात गेले,
खडखडाट मात्र कानात राहायला आला,
भाडं न देता.
मुलानं हुबळीहून मशिनं पाठवलीत,
हरभऱ्याएवढी, कानागणिक एक,
आणि टीव्हीमागे लावायची डबी.
तार नाहीच कुठे.
मी सवयीनं अख्खं भेंडोळं खांद्यावर घेऊन गेलो.

निळा दिवा लुकलुकला, मग ठरला.
म्हातारा खुर्चीत सरळ झाला.
"केळस्तैती," म्हणाला,
एवढ्या हळू
की घरातली सगळी दचकली.
ऐकू येतंय हे सांगायलाही
तो आजवर ओरडतच आला होता.

आणि खोलीतला आवाज गेला.
टीव्हीवर एक बाई रडत होती तोंड उघडून,
फक्त त्याच्या एकट्यासाठी.
गौरव्वा पदराला हात पुसत आल्या,
"आणि मी काय भिंतीकडं बघत बसू?"

त्यांचं माहेर निपाणी.
एकोणीस वर्षं, रोज साडेआठला,
मराठी मालिका त्यांनी नवऱ्याच्या कानात
कन्नडमधून ओतली.
मराठी त्याला कळायची,
पण ओरडायला कन्नड बरी पडते म्हणे.
कोण कुणाशी खोटं बोललं,
कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं,
आणि जे कुणीच बोललं नव्हतं, तेही.

म्हातारा पडद्याकडे बोट करून वळला,
"सत्तिल्लेन इकी?"
ही मेली नाही होय?
दोन वर्षं झाली, तूच सांगितलंस,
धाकटी सून गेली, दिवस झाले, तेरावं झालं.
गौरव्वांनी पदर सारखा केला.
"मला आवडत न्हवती ती."

मी घाईघाईनं सेटिंगमध्ये शिरलो.
डबीही चालू, टीव्हीही चालू.
आता टीव्ही आधी बोलतो, कान मागून,
अंतर अर्धा सेकंदसुद्धा नाही,
पण तेवढ्यात एक माणूस मावतो.
गौरव्वा हसल्या,
मग म्हातारा हसला.
त्या "अगं बाई" म्हणाल्या,
मग त्याच्या भुवया चढल्या.

"थांबा, जुळवतो," मी म्हणालो.
एक पट्टी असते, मिलिसेकंदांची,
बोटानं सरकवत न्यायची
दोन्ही आवाज एकावर एक बसेपर्यंत.

"ऱ्हाऊ दे की गा," गौरव्वा म्हणाल्या.
"येऊलालाय न्हवं त्येला ऐकू?
मी आधी, मग त्यो.
तसंच असतंय आमचं."

मी रिमोट ठेवला.
पैसे किती घ्यायचे सुचेना,
काम तर काहीच केलं नव्हतं.
चहा झाला. भेंडोळं उचललं.

दारात त्यांनी हाक मारली.
"भरमा, त्यातली दोन मीटर ठेवून जा.
परड्यातली दोरी तुटलीया,
धुणं वाळत घालायला."

मोजून अडीच दिली.